नोंद नसणे आणि नोंद लपवणे

सांगलीच्या विश्रामबाग भागातून एका भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांची ओळख उघड होईल असा मजकूर वगळून पत्रातला मुख्य भाग येथे देत आहे.

‘माझे वय ४८. कुपवाड एमआयडीसीतला यजमानांचा कारखाना चार वर्षांपूर्वी बंद पडला, तेव्हापासून मी घरीच खानावळ चालवते. सध्या २२ मुले जेवायला आहेत. दोन्ही वेळच्या जेवणाचे महिन्याला २,८०० रुपये घेते. भाकरी-चपातीला दोन मावशी येतात. सगळा खर्च जाऊन हातात सोळा-सतरा हजार उरतात. मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. परवा जेवताना तो म्हणाला, “आई, तुझी खानावळसुद्धा समांतर अर्थव्यवस्थाच आहे. नोंद नाही, पावती नाही, कर नाही. यालाच काळा पैसा म्हणतात.” माझा घास घशाखाली उतरेना. तासगावकडे माझा भाऊ बेदाणा करतो, तोही कर भरत नाही. मग आम्ही बहीण-भाऊ दोघेही चोर का? कर्नाटकात छोट्या दुकानदारांना नोटिसा आल्याचे वाचल्यापासून यजमान म्हणतात की भिंतीवरचा क्यूआर कोड काढ आणि रोखच घे. खरी अडचण पुढेच आहे. धाकट्या दिरांनी त्यांच्या वाटणीचा प्लॉट विकला. दस्तात निम्मी रक्कम दाखवली आणि उरलेली रोख घेतली. त्यातले सहा लाख माझ्या खात्यावर थोडे थोडे करून भरायचे आणि कोणी विचारलेच तर खानावळीचे उत्पन्न म्हणून सांगायचे, असे ते म्हणतात. सासूबाईही त्यांच्याच बाजूने आहेत. नाही म्हणायचे तर कशाच्या बळावर म्हणू?’

ताई,

तुमच्या प्रश्नांपैकी दिरांच्या मागणीचे उत्तर लांबवून चालणार नाही, म्हणून ते आधी देतो. ते पैसे तुमच्या खात्यावर घेऊ नका. सहा लाख घेऊ नका, साठ हजारही घेऊ नका, आणि ‘फक्त या वेळेपुरते’ म्हणूनही घेऊ नका. तुम्ही बळ मागितले आहे, ते तुमच्याच खानावळीच्या हिशेबात आहे. २२ मुलांचे प्रत्येकी २,८०० प्रमाणे महिन्याला ६१,६०० रुपये होतात. परीक्षा, मे महिना आणि दिवाळीची सुटी वगळून वर्षाचे दहा महिने धरले तर तुमची वार्षिक आवक ६ लाख १६ हजार भरते. दिरांचे सहा लाख त्यात मिसळले की कागदोपत्री तुमच्याकडे २२ ऐवजी ४३ मुले जेवू लागतात. तेवढ्या मुलांना लागणारे पीठ, तेल, गॅस आणि बसायची जागा तुमच्या घरात नाही, आणि हे ताडण्यासाठी कोणा अधिकाऱ्याला तुमच्या दारात यावेही लागत नाही.

थोडे थोडे भरले तर कळणार नाही, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. एका दिवसात ५० हजारांहून अधिक रोख भरताना पॅन मागितला जातो, म्हणून लोक ४९ हजारांच्या चळती करून बँकेत जातात. परंतु बचत खात्यावर वर्षभरात एकूण १० लाख किंवा अधिक रोख जमा झाली की बँक ती माहिती प्राप्तिकर विभागाला कळवतेच. शिवाय तेवढी रक्कम झाली नाही तरी ठरावीक अंतराने येणारे एकसारखे आकडे बँकेच्या नजरेतून सुटत नाहीत. उद्या विचारणा झाली तर या रकमेचा उगम सिद्ध करण्याची जबाबदारी खातेदार म्हणून तुमच्यावर येईल, दिरांवर येणार नाही. उगम समाधानकारकपणे सांगता आला नाही तर अशा रकमेवर नेहमीच्या उत्पन्नापेक्षा कितीतरी जड दराने कर बसतो. शिवाय दुसऱ्याचा पैसा त्याच्या फायद्यासाठी आपल्या नावावर बाळगणे हा बेनामी व्यवहार ठरू शकतो. १९८८ च्या बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर त्यासाठी १ ते ७ वर्षांची सक्तमजुरी आणि त्या मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड अशी तरतूद आहे, आणि ती पैसा ज्याचा आहे आणि ज्याच्या नावावर तो ठेवला आहे, अशा दोघांनाही लागू होते. सासूबाईंना हे शांतपणे समजावून सांगावे. एका मुलाची अडचण दूर करताना दुसऱ्याच्या संसारावर खटला ओढवून घ्यावा, अशी त्यांची इच्छा असेल असे मला वाटत नाही.

दिरांनाही नुसते ‘नाही’ ऐकवून सोडू नये, कारण त्यांचा अर्धा गैरसमज भीतीपोटी झालेला आहे. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास २०१५ पासून मनाई आहे, आणि कोणत्याही एका व्यवहारात २ लाख किंवा अधिक रोख घेतल्यास घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो. म्हणजे कर वाचवण्यासाठी केलेली गोष्ट करापेक्षा महाग पडू शकते. जमीन वडिलोपार्जित असेल तर नफा मोजताना १ एप्रिल २००१ रोजीचे तिचे वाजवी बाजारमूल्य हीच खरेदी किंमत धरण्याची मुभा आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या जमिनीवर महागाईचा निर्देशांक लावून २० टक्के किंवा तो न लावता १२.५ टक्के, यांतला कमी पडेल तो कर भरण्याचा पर्याय आहे. घर बांधण्यात किंवा ठरावीक रोख्यांत मुदतीत पैसे गुंतवले तर त्यातही सूट मिळते. कितीतरी जणांनी हा हिशेब न मांडताच अंधारात व्यवहार केलेले मी पाहिले आहेत. दिरांनी या वर्षीच्या विवरणपत्रात मिळालेली संपूर्ण रक्कम दाखवावी आणि त्याआधी चांगल्या सनदी लेखापालाकडे दस्त घेऊन जावे. रोख घेतल्याबद्दलचा दंड टळेलच, असे आश्वासन मी देऊ शकत नाही; पण लपवलेल्या रकमेचे सगळे परिणाम भोगण्यापेक्षा तो मार्ग निश्चितच बरा. फसगत खरेदीदाराचीही झाली आहे, कारण तो पुढे हा प्लॉट विकेल तेव्हा त्याची खरेदी किंमत दस्तातली, म्हणजे निम्मीच धरली जाईल आणि आज विक्रेत्याने चुकवलेला कर उद्या त्याच्या डोक्यावर बसेल.

आता चिरंजीवांच्या वाक्याकडे वळतो. ते वाक्य त्यांनी दुखावण्यासाठी म्हटले नसावे. अभ्यासाच्या टिपणांत समांतर अर्थव्यवस्था, काळा पैसा, असंघटित क्षेत्र हे शब्द एकाच पानावर येतात आणि परीक्षेच्या घाईत ते एकमेकांत मिसळतात. परंतु ज्या मुलाला उद्या एखाद्या तालुक्यात अधिकारी म्हणून बसायचे आहे, त्याच्या मनात हा घोटाळा राहून चालणार नाही, म्हणून मी थोडा खोलात जातो. हा भाग त्यांनाही वाचायला द्यावा.

सरकारी नोंदीत न येणारे सगळे व्यवहार एका जातीचे नसतात. कीथ हार्ट नावाच्या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात घानातील अक्रा शहरातल्या गरीब वस्तीत राहून पाहणी केली, तेव्हा सरकारी हिशेबात बेकार असलेली माणसे प्रत्यक्षात दिवसभर राबत असल्याचे त्याला दिसले. कोणी फेरीवर होते, कोणी शिवणकाम करीत होते, कोणी रांधून विकत होते. ‘अनौपचारिक क्षेत्र’ हा आज सर्वतोमुखी झालेला शब्द त्याच्या १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधामुळे आणि त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने केनियाविषयी काढलेल्या अहवालामुळे रूढ झाला. हा शब्द चोरांसाठी घडलेला नाही. ज्यांच्या कामाला सरकारी वहीत रकानाच नव्हता, त्यांच्यासाठी तो घडला आहे.

पुढे २००२ मध्ये ओईसीडीने, म्हणजे प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेने, इतर आंतरराष्ट्रीय संस्थांच्या साहाय्याने हिशेबनीसांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात या न दिसणाऱ्या उत्पादनाची विभागणी केलेली आहे. तिचा सांगाडा घेऊन आपल्या जिल्ह्याकडे पाहिले तर चित्र लगेच स्पष्ट होते. मटका आणि बंदी असलेला गुटखा हे मुळातच बेकायदा धंदे. दुसरा प्रकार कायदेशीर मालाचा, पण मुद्दाम झाकलेल्या व्यवहारांचा. बिलाशिवाय चिठ्ठीवर जाणारा माल आणि दस्ताबाहेरची प्लॉटची रक्कम यात येते. यालाच आपल्याकडे ‘दोन नंबर’ म्हणतात आणि करचुकवेगिरी हा शब्द त्यालाच शोभतो. तिसऱ्या प्रकारात तुमच्या खानावळीसारखे लहान, घरगुती, बहुधा वहीही नसलेले उद्योग येतात. दारातली भाजी, गोठ्यातले दूध असे घरच्या घरी खपणारे उत्पादन चौथ्या प्रकारात पडते. त्याशिवाय सर्वेक्षणच नीट पोहोचले नाही म्हणून सुटणारे काही असते, ते वेगळे.

चिरंजीवांनी एका गोष्टीवर विचार करावा, असे मला मनापासून वाटते. २२ मुलांसाठी तुम्ही थापलेली भाकरी अंदाजाने का होईना, देशाच्या सकल उत्पन्नात धरली जाते. त्याच तव्यावरची शेवटची भाकरी तुम्ही त्यांच्या ताटात वाढता, तेव्हा ती मात्र कोणत्याच हिशेबात येत नाही, कारण घरातल्यांसाठी केलेला स्वयंपाक, धुणी-भांडी आणि आजारपणातली सेवा हे सगळे राष्ट्रीय उत्पन्नाच्या व्याख्येबाहेर ठेवलेले आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातले बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे देत असल्याचे आढळले. नोंद नसलेले काम म्हणून बोट दाखवायचेच असेल तर ते आधी या पाच तासांकडे दाखवावे लागेल.

तुमच्यावरच्या आरोपाचा निकाल मात्र आकड्यांनीच लागतो. खानपानाची सेवा पुरवणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर जीएसटीची नोंदणी घ्यावी लागते. तुमची उलाढाल त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्याही आत आहे. प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून ४ लाखांपर्यंत उत्पन्नावर मुळात करच नाही आणि एरवीच्या उत्पन्नावर १२ लाखांपर्यंत सवलतीमुळे कर शून्यावर येतो. तुमच्या हाती वर्षाला पावणेदोन लाखही उरत नाहीत. जो कर लागूच होत नाही, तो तुम्ही चुकवला असे कसे म्हणता येईल? उलट तेलाच्या डब्यावर, मसाल्यावर, भांडी घासायच्या साबणावर तुम्ही जीएसटी भरता आणि नोंदणी नसल्यामुळे त्याची वजावट मिळत नाही, तो तुमच्या खर्चातच मुरतो. कर न भरणारा गरीब माणूस ही समजूत मला नेहमीच अन्यायाची वाटत आली आहे. त्याचा कर वस्तूच्या किमतीत मिसळलेला असतो, म्हणून तो दिसत नाही.

तुमच्या भावाची गोष्ट आणखी वेगळी आहे. शेतीच्या उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्यांकडे ठेवला आहे आणि केंद्राच्या प्राप्तिकरातून ते उत्पन्न वगळलेले आहे. बेदाण्याबद्दल मध्यंतरी आपल्या भागात बराच संभ्रम होता, परंतु डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत शेतकऱ्याने स्वतः पिकवून विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी नाही, असा खुलासा करण्यात आला. तेव्हा भाऊ कायद्याने दिलेली मोकळीक घेत आहे, आणि ती घेणे हा गुन्हा नव्हे. गुन्हा तिथे घडतो, जिथे ज्याच्या सातबाऱ्यावर अर्धा एकर कुसळ आहे तो विवरणपत्रात लाखोंचे शेती उत्पन्न दाखवतो आणि ठेकेदारीतला किंवा प्लॉटमधला पैसा द्राक्षबागेच्या नावावर धुऊन घेतो. दिरांनी तुमच्या खानावळीचा जो उपयोग करायचा ठरवले आहे, त्याचा नमुना हाच आहे. खऱ्या कष्टाच्या धंद्याचा आडोसा मागितला जातो, आणि पुढे संशय मात्र सगळ्याच कष्टकऱ्यांवर येतो.

लपवलेला पैसा किती, हे मोजायचे कसे, असा प्रश्न चिरंजीवांना मुलाखतीत नक्की विचारला जाईल. जो लपवतो तो सांगत नाही, म्हणून मागे राहणाऱ्या खुणा मोजाव्या लागतात. समजा, तुमच्या खानावळीची आवक तुम्हाला न विचारता मला काढायची आहे. मी गॅसच्या टाक्या मोजेन, एका टाकीत किती ताटे होतात ते धरेन आणि गुणाकार करेन. अर्थशास्त्रज्ञही हेच करतात. कोणी लोकांच्या हाती फिरणाऱ्या रोकडीवरून, कोणी विजेच्या वापरावरून अंदाज बांधतो. परंतु तुम्ही भाकरी चुलीवर करत असाल तर माझा गुणाकार चुकेल, आणि तशीच चूक त्यांचीही होते. ब्रिटनमधील अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९५६ मध्ये भारतीय करपद्धतीवर अहवाल दिला, तेव्हा वर्षाला २०० ते ३०० कोटींचा कर बुडत असावा, असा अंदाज त्यांनी वर्तवला होता. राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेने १९८५ मध्ये केलेल्या पाहणीत १९८३-८४ सालचे बेहिशेबी उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या १९ ते २१ टक्के धरले होते. एकाच संस्थेने एकाच वर्षासाठी खालचा आणि वरचा असे दोन आकडे द्यावेत, यातच तिचा प्रामाणिकपणा दिसतो. म्हणून जो वक्ता काळ्या पैशाचा एकच पक्का आकडा छातीठोकपणे सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवताना सावध राहावे.

ही सवय कशी लागली, याचे एक कारण इतिहासात आहे. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. वरच्या थरातल्या प्रत्येक शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याच्या हाती उरत. माजी सरन्यायाधीश वांछू यांच्या समितीने त्याआधीच, १९७१ मध्ये, इतका चढा दरच करचुकवेगिरीला खतपाणी घालतो असे बजावले होते आणि पुढे दर उतरले. परंतु आज सर्वोच्च दर ३० टक्क्यांवर असताना आणि वर अधिभार फक्त मोठ्या उत्पन्नांवर असताना प्लॉटचे व्यवहार निम्मे रोखीतच होत असतील, तर सगळा दोष दराला देता येणार नाही. माझ्या मते एकाने पैसा अंधारात ठेवला की समोरच्यालाही तो अंधारातच घ्यावा लागतो, आणि त्या पैशाला शिरायला जमीन आणि सोने यांच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० आणि १,००० च्या नोटा बंद झाल्या, तेव्हा अंधारातले पैसे बाद होतील अशी अपेक्षा होती. रिझर्व्ह बँकेच्या नंतरच्या अहवालानुसार बंद केलेल्या नोटांपैकी मूल्याने ९९.३ टक्के नोटा परत आल्या. त्या दिवसांत गरिबांच्या खात्यांवर इतरांचे पैसे भरले गेल्याच्या तक्रारी सगळीकडून येत होत्या. दिर आज तुमच्याकडे जे मागत आहेत, ते तेव्हा कितीतरी मोलकरणींकडे आणि हमालांकडे मागितले गेले होते.

नोंद नसण्याची खरी किंमत कोण मोजतो, याबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण या विषयावरच्या चर्चेत सरकारचा बुडालेला महसूल सगळ्यांना दिसतो आणि माणूस दिसत नाही. तरुणपणी गणपती पेठेतल्या एका पेढीवर दिवाणजींच्या हाताखाली मी कीर्द लिहायला शिकलो. तिथे एक वही सरकारला दाखवायची होती आणि एक मालकाच्या गादीखाली असे. हळदीच्या हंगामात एका हमालाच्या पायावर थप्पीतले पोते घसरले आणि पाय कायमचा अधू झाला. नुकसानभरपाईचा विषय निघाला, तेव्हा पक्क्या वहीत त्याचे नावच नव्हते आणि गादीखालची वही कोणी बाहेर काढणार नव्हते. अकरा वर्षे त्या दुकानात पाठीवर पोती वाहिलेला माणूस कागदावर कधी तिथे आलाच नव्हता. मालकाने दुसरी वही कर वाचवण्यासाठी ठेवली होती. तिच्यात त्या माणसाचे उभे आयुष्य गडप झाले. मी त्या वेळी गप्प बसलो, याचे दुःख मला आजही आहे.

याच दुखण्यावर सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातून, मंद्रुळकोळ्याहून मुंबईला गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना संघटित करून लढा दिला, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्या कायद्याचे मर्म नोंदीत आहे. हमालाचे नाव मंडळाच्या दप्तरी चढते, मालकाने मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) यांचा हक्क उभा राहतो. जिथे नोंदणी झाली तिथे हमालाला हे मिळाले. जिथे मालक आणि टोळी दोघांनीही ती टाळली तिथे आजही काही मिळत नाही.

शेतकऱ्याचेही तसेच होते. द्राक्षाच्या हंगामात बागेवर येऊन तोंडी भाव ठरवणारा, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख मोजणारा आणि नंतरच्या गाड्यांची उधारी बुडवून पसार होणारा व्यापारी आपल्या जिल्ह्याला नवा नाही. बागायतदार पोलिसांत जातो तेव्हा त्याच्या हाती असतो वहीतला फाडलेला कागद, ज्यावर ना पूर्ण नाव, ना सही. भावाला सांगावे की बेदाण्याची पट्टी पक्कीच घ्यावी, तिच्यावर वजन, दर, अडत आणि तोलाई वेगवेगळी लिहून घ्यावी आणि रक्कम खात्यावर मागावी. त्याला कर लागत नाही म्हणून त्याला कागदाची गरज नाही, हा समज व्यापाऱ्यांच्या सोयीचा आहे.

यजमानांच्या सूचनेबद्दल आता थोडक्यात सांगतो. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकातल्या करखात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून लहान विक्रेत्यांना नोटिसा काढल्या आणि बंगळुरूत अनेकांनी दुकानातले क्यूआर कोड उतरवले, हे खरे आहे. परंतु त्या नोटिसा वर्षाची जमा नोंदणीच्या मर्यादेपलीकडे गेलेल्यांना होत्या, आणि ताज्या भाजीसारखा करमुक्त माल विकणाऱ्यांना तर त्या मालावर कर लागूच नव्हता. तुमची मर्यादा अजून फार दूर आहे. यजमानांना आणखी एक गोष्ट दाखवावी. लहान व्यावसायिकांसाठीच्या अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीत रोख आवकेवर किमान ८ टक्के उत्पन्न धरावे लागते, तर बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के धरले तरी चालते. क्यूआर कोड तिथेच राहू द्यावा. मात्र त्याच खात्यावर माहेरचे, भिशीचे, मुलाच्या क्लासचे पैसे फिरत असतील तर खानावळीसाठी वेगळे खाते उघडावे, म्हणजे खात्यावर आलेला प्रत्येक रुपया धंद्याचाच समजला जाण्याचा प्रश्न उरणार नाही.

तुमच्या बाजूने काही गोष्टी कमी पडत आहेत, त्याही मी झाकून ठेवणार नाही. खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहानात लहान व्यावसायिकालाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी घ्यावी लागते. ती घ्यावी, तिचे शुल्क नाममात्र आहे. तुमच्यासारख्या मोजके कामगार असलेल्या आस्थापनेला महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, तीही द्यावी. लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे आणि ती हातात असली की मुद्रा योजनेतल्या शिशु गटात ५० हजारांपर्यंतचे कर्ज तारण न ठेवता मागता येते. मिक्सर बिघडला तर सावकाराच्या दारी जावे लागणार नाही. विवरणपत्र भरण्याची सक्ती तुमच्यावर नसली तरी दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे जवळ असणे पुढे मोठ्या कर्जाला उपयोगी पडते. विवरणपत्र भरायचे ठरवले तर नफा किमान टक्क्यांवर न ठेवता प्रत्यक्ष उरतो तितकाच दाखवावा.

दोन्ही मावशींची नावे, महिन्याची मजुरी आणि दिलेली उचल एका वहीत तारखेनिशी लिहून त्यांची सही किंवा अंगठा घेत जावा, त्यांना असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रम या सरकारी संकेतस्थळावर नोंदवावे आणि वर्षाला २० रुपयांत २ लाखांपर्यंत अपघाती संरक्षण देणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा त्यांच्या खात्यावर सुरू करून द्यावा. मघाचा हमाल मी उगीच आठवलेला नाही. तुमच्या स्वयंपाकघरात उकळते तेल आहे आणि त्या दोघींचे नाव अजून कोठेही लिहिलेले नाही.

वही लिहिण्याचे काम चिरंजीवांवर सोपवावे. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, मुलाचे नाव आणि पावती क्रमांक. रोज रात्री दहा मिनिटे पुरतील. घरातल्या ज्या व्यवहाराला त्यांनी काळा म्हटले, त्याची पहिली पक्की नोंद त्यांच्याच हस्ताक्षरात व्हावी, असे मला वाटते.

शेवटी गॅसबद्दल. तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, पण घरगुती खानावळींत बहुधा १४.२ किलोची तांबडी टाकीच वापरली जाते, आणि व्यवसायासाठी ती वापरणे नियमात बसत नाही. घरगुती गॅसवर जीएसटी ५ टक्के आणि व्यावसायिक गॅसवर १८ टक्के असल्यामुळे १९ किलोची निळी टाकी तुम्हाला महाग पडेल, हे मला माहीत आहे. तरीही एजन्सीत जाऊन व्यावसायिक जोडणीचा अर्ज द्यावा, फरकाची रक्कम २२ मुलांवर विभागून पाहावी आणि दर वाढवावा लागला तर पुढच्या महिन्याच्या १ तारखेआधी मुलांना कारणासह सांगावे.